चौकात या, ऊन आहे

"पाडायला कधी घेताय?"

पुण्यात कसबा पेठेतल्या एका वाड्यासमोर मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो. प्रश्न वरच्या गॅलरीतून आला. गॅसवाल्याला 'सिलिंडर कधी आणताय' विचारावं, त्या सुरात. मी वर पाहिलं. गाऊनवर ओढणी घेतलेल्या एक काकू दोरीवर चादर पिळत होत्या, आणि त्या चादरीचं पाणी खाली दिंडी दरवाज्याच्या उंबऱ्यावर टपटपत होतं. म्हटलं, "नाही हो काकू, मी असाच फिरतोय. जुन्या वाड्यांचे फोटो काढतो." त्यांनी चादर झटकली, दोन चिमटे लावले आणि म्हणाल्या, "मागचेही असंच म्हणाले होते." आणि आत गेल्या. भांडणाचा सूर नव्हता, चौकशी होती फक्त. पण मला पुढचे दोन चौक काही सुचेना. रविवारची सकाळ, ऊन छान तिरपं आलेलं, खांद्यावर आवडती पस्तीस एमएमची लेन्स, आणि डोक्यात 'मागचे' कोण असतील हाच विचार.

कोण असतील ते खरं तर पेठेतल्या कुठल्याही माणसाला विचारायची गरज नाही. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावायला लागते. नोटिशीच्या आधी कोणीतरी येऊन फोटो काढून गेलेलं असतं. त्याच्याही आधी बिल्डरचा माणूस येऊन गेलेला असतो, त्याच्यामागून आर्किटेक्टच्या ऑफिसातली टेप घेतलेली पोरं, मग स्ट्रक्चरल ऑडिटवाले, दावा लागला असेल तर कोर्ट कमिशनर. यातला प्रत्येक जण भिंतीसमोर उभा राहतो, दोन पावलं मागे जातो, मान तिरकी करतो आणि फोटो काढतो. एके काळी पेठेत कॅमेरावाला आला म्हणजे कोणाकडे तरी मुंज किंवा बारसं असायचं. आता घरी काही कार्य नसताना कोणी कॅमेरा घेऊन आलं, तर माणसं योग्य तोच अर्थ काढतात. त्या काकूंचं काहीही चुकलं नव्हतं.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले तेव्हा एक गोष्ट मला जास्त खुपली. वाडा समोरून, उभ्या रेषा सरळ, दरवाजा बरोबर मध्यभागी, फ्रेममध्ये एकही माणूस नाही. काकूंची गॅलरी दिसते, पण त्या आत गेल्यावर काढलेली. मला माहीत असलेले, जुन्या पेठांत फिरणारे बहुतेक फोटोग्राफर असाच फोटो काढतात. माणूस हटेपर्यंत थांबतात. स्कूटर आडवी असेल तर चरफडतात. निळी ताडपत्री, डिशची छत्री, मीटरचा बोर्ड हे सगळं टाळता येईल असा कोन शोधतात. या फोटोवर खाली 'हेरिटेज' लिहिलं तर प्रदर्शनात जाईल, आणि खाली 'सि. स. नं.', म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, लिहिला तर फायलीत. दोन्हीकडे माणूस अडचणीचाच.

तर, चालायला लागू.

कसब्यात फोटोसाठी जायचं तर सकाळी साडेसात ते नऊ. त्याआधी गल्ल्यांत ऊन शिरत नाही, त्यानंतर शिवाजी रस्त्याचं ट्रॅफिक आणि डोक्यावरचं ऊन, दोन्ही नकोसं. गल्ली अरुंद असल्यामुळे ऊन थेट पडत नाही. समोरच्या बाजूला एखादी नवी, पांढरी इमारत उभी राहिली असेल तर तिच्यावर आपटून ते या बाजूच्या जुन्या लाकडावर येतं. हा उलटा आलेला प्रकाश इतका मऊ असतो की सुरूच्या आकाराच्या खांबांवरची कोरीव पानं एकेक मोजून घ्यावीत. म्हणजे कसब्यातल्या वाड्यांवर आज जो सुंदर उजेड मिळतो, त्यातला बराचसा समोरचा वाडा पडून तिथे अपार्टमेंट झाल्यामुळे मिळतो. हे लक्षात आल्यावर त्या उजेडाचं कौतुक जरा हात राखून करतो मी.

कसबा गणपतीपाशी त्या वेळी हार-दूर्वावाल्यांचं पाणी मारून झालेलं असतं. तिथे मी फोटो काढत नाही. लाल महालाचाही नाही. तो मूळचा नव्हे, महापालिकेने बांधलेला आहे, १९८८ सालचा. शनिवारवाड्यासमोर रोज इतके सेल्फी निघतात की दिल्ली दरवाज्याला आणखी एका फोटोची गरज नसावी. तसाही तो वाडा १८२८ च्या आगीनंतर बाहेरून तट आणि आतून जोती एवढाच उरलाय. पाट्यांचे फोटो तर अजिबात नाही, पुणेरी पाट्या आता स्वतःच फोटोंसाठी जगतात. मला ओढ असते ती पुरंदरे वाड्याच्या बाजूने आत वळून व्यवहार आळी, शिंपी आळी, कागदीपुरा अशी कामांची नावं असलेल्या गल्ल्यांतून तांबट आळीत निघण्याची. शिंपी आळीत आता शिंपी शोधावा लागतो आणि कागदीपुऱ्यात कागद बनत नाही. तांबट आळीत मात्र अजून ठोकण्याचा आवाज येतो. पूर्वीइतका नाही, सगळीकडून नाही, पण येतो.

पेशवाईत कोकणातून येऊन इथे वसलेल्या त्वष्टा कासार मंडळींची ही आळी. घंगाळं, बंब, हंडे, तपेली. न्हाणीघरातला बंब गेला आणि मधली काही वर्षं धंदा पार बसला. आता तांब्याचे जग आणि पेले आरोग्यासाठी म्हणून परत खपतात, आणि घंगाळात पाण्यावर फुलं सोडून ते हॉटेलांच्या दारात ठेवतात. एका कारखान्यात – कारखाना म्हणजे आठ बाय बाराची खोली, पत्रा, भट्टी आणि भिंतीला ओळीने टांगलेले हातोडे – मला बसू देतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या काकांनी विचारलं होतं, "चॅनेलवाले का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा पडला आणि ते कामाला लागले.

मठारकाम जवळून बघावं असं आहे. भांडं आकाराला आलेलं असतं, भट्टीत तापवून, धुऊन, गुलाबी झालेलं. मग ते जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर पालथं घालायचं आणि डाव्या हाताने कणाकणाने फिरवत उजव्या हाताने ठोकत जायचं. हातोड्याचं तोंड घासूनपुसून आरसा केलेलं असतं, कारण त्याच्यावरचा बारीकसा ओरखडासुद्धा तांब्यावर उमटतो. एक ठोका, एक चकती. तिला चिकटून दुसरी. ओळ पुरी झाली की खालची ओळ, आधीच्या दोन चकत्यांच्या मध्ये. काका भांड्याकडे बघत नाहीत फारसे. आवाजाकडे कान असतो. ठोका बरोबर बसला की टणत्कार कोरडा येतो, भांडं दांड्यावरून जरा उचललेलं असलं की बद्द. बद्द आला की हात थबकतो, बोटाने जागा चाचपतात, पुन्हा ठोकतात. हे ठोकणं नक्षीसाठी नसतं. ठोकल्याने तांबं कडक होतं, पत्रा पोचे पडण्याइतका नरम राहत नाही. नक्षी आपोआप येते.

फोटोला हे भयंकर अवघड. खोलीत दारातून येणारा उजेड तेवढा, बाकी काळोख. शटर एक पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, नेलं तर हातोडा हवेत गोठतो आणि काका पुतळा वाटतात, खोटं. एक पंधरावर आणलं तर हातोडा धूर होतो आणि सोबत काकांचं बोटही. एक साठच्या आसपास कुठेतरी हातोड्याचं टोक पुसट आणि भांडं ठाम, असं जमतं कधीकधी. पण खरी गंमत भांड्यात. मठारलेली प्रत्येक चकती हा एक छोटा फुगीर आरसा असतो. मोठा करून बघितलं तेव्हा दिसलं, प्रत्येक चकतीत दाराचा उजेडाचा चौकोन आहे आणि त्या चौकोनात एक काळा ठिपका आहे. तो ठिपका म्हणजे मी. एका घंगाळावर शेकडो वेळा मीच, दारात उभा राहून त्यांचा उजेड अडवणारा. त्यानंतर मी दाराच्या बाजूला, भट्टीजवळच्या पाट्यावर बसायला लागलो. तिथून फोटो बरा येत नाही, पण काकांना काम दिसतं.

अंधाऱ्या खोल्यांचं मला आकर्षण आहे हे एव्हाना कळलं असेलच. त्याचं मूळ शनिवार पेठेत, आत्याच्या वाड्यात.

आत्याचा म्हणजे आत्याच्या सासरचा, तोही मालकीचा नव्हे, भाड्याचा. दिंडीतून वाकून आत गेलं की देवडी, मग चौक, चौकाच्या भोवती ओसरी, ओसरीमागे सोपा, सोप्यामागे माजघर आणि त्याच्याही मागे स्वयंपाकघर. आत्याकडे यातलं माजघर आणि स्वयंपाकघर होतं, वर जायला जिना आणि जिन्याखाली मोरी. मे महिन्यात आम्ही तिथे राहायला जायचो. बाहेर डांबर वितळायचं आणि माजघरात पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंतींमुळे गार असायचं, इतकं की दुपारी पांघरुणाचं टोक पायावर ओढावं. वास आठवतो. रॉकेलचा, कोकमाचा, ओल्या गोणपाटाचा, आणि कडीपाटातून मधूनच खाली येणाऱ्या मातीचा. वरच्या मजल्यावर कोणी जोरात चाललं की आमच्या आमटीत माती पडायची. दिवसाही दिवा लावावा लागे. पिवळा, चाळीसचा. आत्याला मी तिथे कायम त्या उजेडात पाहिलंय: निवडताना, विळीवर बसलेली, कोनाड्यातल्या देवाला काडी ओढताना.

आत्याच्या यजमानांकडे आगफाचा क्लिक थ्री होता. बडोद्यात तयार होणारा तो साधा कॅमेरा त्या काळी बऱ्याच मराठी घरांत असायचा. एकशेवीसचा रोल, बारा चौकोनी फोटो. शटरचा वेग एकच आणि भिंग फारसं उघडत नसे, त्यामुळे ऊन लागायचंच. "चला, चौकात या, ऊन आहे," अशी हाक ते मारायचे आणि घरातली सगळी माणसं हात पुसत, केस सारखे करत चौकात यायची. डोळे बारीक करून उभी राहायची. आत्याकडचा अल्बम सुरूच होतो पानशेतच्या पुरानंतर. आधीचा १२ जुलै १९६१ ला नदीने नेला. या दुसऱ्या अल्बममध्ये कितीतरी फोटो आहेत आणि जवळजवळ सगळे चौकातले. तुळशीवृंदावनाजवळ, ओसरीच्या पायरीवर, खांबाला टेकून. मुंजीतला बटू, पहिलटकरीण, नवी सायकल, शेजारच्यांचं कुत्रं.

माजघराचा एकही नाही.

हे मला फार उशिरा उमगलं, आणि उमगल्यापासून मी इतरांचे अल्बमही त्या नजरेने बघतो. तेच सगळीकडे. वाड्यात राहिलेल्या मध्यमवर्गीय घरांकडे चौकाचे ढीगभर फोटो असतात आणि आतल्या खोल्यांचे नसतातच. फ्लॅश असलेला कॅमेरा घरोघर आला तेव्हा लोक फ्लॅटमध्ये गेले होते. एखाद्या परक्या माणसाने नुसते हे अल्बम चाळले, तर त्याला वाटेल, ही माणसं उन्हात राहायची. बायका तर सदा चौकात, नीट पदर घेऊन, हसऱ्या. ज्या खोलीत आत्याचं अख्खं आयुष्य गेलं ती खोली फिल्मला दिसण्याइतकी उजळ नव्हती, एवढंच कारण. कोणी काही लपवलं नव्हतं. आता माझ्याकडचा कॅमेरा नुसत्या निरांजनाच्या उजेडात माणसाचा चेहरा टिपतो, फोटो दाणेदार न होता. सोय आली आणि माजघरं गेली.

आत्याला स्वतःला याचं सोयरसुतक नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. वाडा पडून तिथे इमारत झाली आणि तिला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, संडास घरात आणि चोवीस तास नळ मिळाला, तेव्हा ती म्हणाली होती, "सुटले बाई." पहाटे परसात रांग लावायची नाही, बाळंतिणीला अंगण ओलांडून न्यायचं नाही. मी एकदा तिला म्हटलं होतं की वाडा किती छान होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू किती दिवस राहायचास रे?" पुढे काही बोलली नाही, डाळीतले खडे काढत राहिली. वाड्यांबद्दल गहिवरून लिहिलेलं काही वाचलं की मला ते वाक्य ऐकू येतं. आणि तरीही त्या गार अंधाराची आठवण आली की घशाशी येतंच.

परत पेठेत. तांबट आळीतून बाहेर पडून शिवाजी रस्ता धरला की फरासखान्याच्या कोपऱ्यावर बाहुलीचा हौद आहे. समोरून रोज हजारो माणसं जातात, थांबणारा क्वचित. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहान मुलीच्या, काशीबाईच्या आठवणीसाठी तो बांधला. लाडाने तिला बाहुली म्हणत. घोले सत्यशोधक समाजातले, जोतिरावांचे स्नेही, मुलीला शिकवणारे. त्याचा राग धरून आप्तांपैकी कोणी तिला काचा कुटून घातलेला लाडू दिला, असं सांगतात. बापाने हौद बांधला तो सर्व जातींच्या माणसांना पाणी भरता यावं म्हणून. हौद मूळच्या जागी राहिलेला नाही, रस्त्यासाठी सरकवलाय, आणि त्यात पाणीही नाही. पेठांतल्या हौदांचं तसंच आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून दगडी नळांनी पाणी आणलं, वाटेत उच्छ्वास बांधून हवा काढून दिली, आणि ते पाणी या हौदांत खेळवलं. आज फडके हौद आणि साततोटी ही नावं पत्ता सांगायला पुरतात. तिथे जाऊन कॅमेरा काढला तर समोर सिग्नल, रिक्षा आणि मोबाइलची दुकानं. बाहुलीच्या हौदाचा मी बऱ्याचदा फोटो काढलाय आणि एकही धड नाही. मागे वायरी, पुढे दुचाक्या, बाजूला बॅनर. शेवटी ठरवलं की हे सगळं असू दे. दुचाक्यांच्या आरशांमागून जेवढा दिसतो तेवढा हौद. तो तसाच तर आहे.

कसब्यात आता भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, सप्टेंबर २०२४ पासून. सरकत्या जिन्याने वर येताना आधी आभाळाचा तुकडा दिसतो, मग वायरी, मग एखाद्या वाड्याचा उघडा पडलेला कूड. मला हे स्टेशन आवडतं. कसब्यात गाडी लावायला जागा शोधण्यात निम्मा उजेड जायचा, तो वाचतो. वाडे वाचवा म्हणणारे माझे काही मित्र मेट्रोने येतात, फिरतात, भेळ खातात आणि औंधला, बाणेरला, जिथे लिफ्ट आहे तिथे परत जातात. मीही. फार खोलात न शिरलेलं बरं.

त्याच फेऱ्यांत एक वाडा पडलेला पाहिला. पूर्ण नव्हे, अर्धा. जेसीबीने पुढचा भाग ओढून नेला होता आणि मागची, शेजारच्या वाड्याला लागून असलेली सामायिक भिंत तेवढी उभी होती. मी असल्या भिंतींचे फोटो पुष्कळ काढलेत, पण नेहमी रस्त्यावरून. त्या दिवशी वॉचमनने आत जाऊ दिलं. भिंतीवर तीन मजल्यांच्या खोल्या शिल्लक होत्या, नुसत्या रंगाने. खाली निळा डिस्टेंपर, वर पोपटी, त्याच्यावर गेरू. तिरप्या दातेरी रेघेत जिना वर गेलेला, पायऱ्या नसलेला. तुळया काढून नेल्याच्या चौकोनी खोबणी. पांढरी माती जिथे पावसाने ओली झाली होती तिथे ती पेढ्याच्या रंगाची होऊन खाली ओघळली होती, हाताने खरवडली तर निघत होती. ओल पोचेपर्यंत दोनशे वर्षं उभी राहते ही भिंत आणि ओल पोचली की एका पावसात बसते. मधल्या पातळीवर एक कोनाडा होता. कडेला काजळीचा काळा पट्टा, वर तेलकट बोटांचे डाग, आत कॅलेंडरमधून कापून चिकटवलेल्या लक्ष्मीचा अर्धा तुकडा. दिवा रोज तिथेच लागायचा हे कोणी सांगायला नको होतं.

आणि त्या कोनाड्यात ऊन पडलं होतं. सकाळचं, सरळ, कडक. ती माजघराची भिंत होती. बांधल्यापासून तिला कधी ऊन लागलं नसेल. क्लिक थ्रीनेसुद्धा आला असता फोटो. मी काढला, अर्थातच काढला, वेगवेगळ्या उंचीवरून, बराच वेळ. वॉचमन तंबाखू मळत मागे उभा होता. म्हणाला, "साहेब, ते सागवान तिकडे ठेवलंय, त्याचा काढा की. त्याला किंमत आहे." खरंच होतं. खांब, तुळया, दिंडीचा दरवाजा असं सगळं नीट रचून, वर खडूने आकडे घालून ठेवलं होतं. त्यातलं काही जुन्या बाजारात जाणार, काही थेट रिसॉर्टवाल्यांकडे. जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, जुने कुटुंबाचे फोटोही मिळतात. फ्रेमसाठी विकले जातात. गिऱ्हाईक फ्रेम घेतं आणि आतला फोटो नको म्हणून तिथेच काढून देतं. चौकात, उन्हात, डोळे बारीक करून उभी असलेली अनोळखी माणसं ताडपत्रीवर पडलेली असतात. मी दोन-तीनदा ती विकत घ्यायचा विचार केला. घेऊन करायचं काय, ते सुचलं नाही.

त्या गॅलरीतल्या काकूंच्या प्रश्नाचं मला नंतर एक वेगळंच उत्तर मिळालं. ते अर्थात त्यांना देण्यासारखं नाही. कॅमेरा म्हणजे पाडापाडी हे खरं, पण कॅमेरा ज्याच्या बाजूने उभा राहील त्याच्या फायलीत तो बसतो. मालकाच्या फायलीत फोटो असतात, बिल्डरच्या असतात, महापालिकेच्या असतात. भाडेकरूकडे काय असतं? जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं आणि चौकातले अल्बम. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात घर राहण्यालायक ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. पण घर राहण्यालायक नाही हे दाखवायला खोलीचा फोटो लागतो, आणि खोलीत अंधार असतो.

हे मला शनिवार पेठेतल्या एका गृहस्थांकडून कळलं. मित्राच्या ओळखीने त्यांचा फोन आला होता. "तुम्ही वाड्यांचे फोटो काढता ना? मग आमच्याकडे या. फ्लॅश आणा." निवृत्त कारकून, पायजमा-बनियन, चष्मा दोरीला. बायको आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. माजघर अगदी आत्याच्यासारखं. मी नेहमीच्या सवयीने ट्रायपॉड लावला, दिवा बंद केला, दारातून येणाऱ्या उजेडात भिंतीचा एक फोटो काढला. ओल छतापासून खाली उतरली होती आणि तिच्या कडेला चुन्याच्या पापुद्र्यांची नक्षी झाली होती. स्क्रीनवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला.

"छान आहे हो. पण हे सुंदर दिसतंय. अर्जाला कसं लावणार?"

मग फ्लॅश लावला. सपाट, पांढरा, कुठलीच सावली न ठेवणारा उजेड. त्यांनी टेप आणली, ओलीच्या बाजूला भिंतीवर उभी धरली आणि आकडे दिसतील असा फोटो काढायला लावला. मग मोरी. मग कडीपाटातली पोकळ झालेली फळी, तिच्याखाली लावलेला पत्र्याचा डबा. मग आजीबाई, पलंगावर. त्यांना विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, "केस सारखे करू द्या." यजमानांनी फणी दिली. मी तोवर फ्लॅश भिंतीकडे वळवून ठेवला, कारण थेट मारला असता तर त्यांचे डोळे दिपले असते. फोटोत त्या खोलीत, त्या उजेडात, उशीला टेकून बसलेल्या आहेत आणि मागे कोनाडा दिसतो.

शेवटी ते मला दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे घेऊन गेले. तिथे ओल होती आणि ओलीच्या उजवीकडे, चौकटीच्या कोपऱ्यातून निघून छतापर्यंत गेलेला तडा. त्यात माझं करंगळीचं टोक गेलं असतं.

"ओल आली पाहिजे," ते म्हणाले. "ओल ही मालकाची. तडा नको. तडा दिसला की अतिधोकादायकमध्ये टाकतात, आणि मग चोवीस तासांत आम्ही बाहेर. हिला घेऊन कुठे जाऊ?"

"पण काका, तडा खरंच मोठा आहे. जून आलाय."

"माहितीय मला. रोज बघतो. मुलीच्या घराचं काम दिवाळीला होईल, तोवर काढायचेत."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. पस्तीसच्या लेन्समध्ये तडा येतच होता. पन्नासची लावली, तरी फ्रेमच्या उजव्या कडेला त्याची रेघ शिरत होती. त्यांना तसं सांगितलं.

"मग थोडं डावीकडे सरका," ते म्हणाले, आणि माझ्या मागची खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

मी सरकलो. फोटो काढला, ओलीचा. मग त्यांना विचारून, त्यांच्याच टेपेवर तारीख लिहून, तड्याचा एक वेगळा काढला आणि तो अर्जाला नव्हे, त्यांच्या मुलीला पाठवायचा असं आमचं ठरलं. त्यासाठी त्यांनी बराच वेळ घेतला. नंबर तोंडपाठ होता, पण तो द्यावा की नाही याचा.